अबोल मुलांची संवादसाधने व खेळणी

सकाळची प्रार्थना आटोपते, मुले आपापल्या जागी बसतात आणि बाई हजेरीपट उघडतात. एकामागून एक नावे पुकारली जातात व प्रत्येक नावामागून 'हजर' हा शब्द येतो. एका नावापाशी मात्र तो येत नाही. ते मूल वर्गात असते, नाव ऐकून त्याने मान वळवलेली असते. पण ओठांतून शब्द निघत नाही. शेजारचे मूल चटकन सांगते, "आलाय, बाई." हजेरी लागते आणि पुढचे नाव पुकारले जाते.

या प्रसंगात कोणाचाही दोष नाही. शेजाऱ्याचा तर चांगुलपणाच आहे. तथापि त्या मुलाच्या वतीने दिवसभर कोणी ना कोणी असेच बोलत असते. तहान लागली असेल असे आई ठरवते, कंटाळा आला असेल असे बाई ठरवतात, खेळायचे नसेल असे सवंगडी ठरवतात. काही अंदाज बरोबर येतात, काही चुकतात. पण चुकले हे सांगण्याचीही सोय त्या मुलाजवळ नसते. अशी चार-सहा वर्षे गेली म्हणजे सांगण्याचा प्रयत्नच ते सोडून देते, आणि मग 'याला काही कळतच नाही' असा शिक्का त्याच्यावर बसतो. अशा मुलांच्या हाती सांगण्याचे साधन कसे द्यावे, आणि त्या कामी खेळणी कशी उपयोगी पडतात, हे प्राथमिक शिक्षकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

समजणे वेगळे, बोलणे वेगळे

बोलण्यासाठी जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र व श्वास यांच्या हालचाली अगदी नेमक्या क्रमाने घडाव्या लागतात. जन्मापूर्वी, जन्मतेवेळी अथवा जन्मानंतर लवकरच मेंदूस इजा पोचून ज्यास मेंदूचा पक्षाघात म्हणतात तो विकार जडला, तर हातापायांप्रमाणे या स्नायूंवरील ताबाही सुटतो. स्वमग्न मुलांपैकी काहींना शब्द उमटवणे वेगळ्या कारणाने कठीण जाते. या मुलांची समज किती, हे त्यांच्या बोलण्यावरून मापता येत नाही. यास्तव प्रथम मुलाची श्रवणशक्ती व दृष्टी तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. ऐकूच येत नसेल तर श्रवणयंत्र व खुणांची भाषा हा मार्ग निराळा. ऐकू येते, पण बोलता येत नाही, अशा मुलासाठी जी साधने वापरतात त्यांस 'पूरक व पर्यायी संवादसाधने' म्हणतात. जे थोडे बोलणे आहे त्याला जोड देतात म्हणून पूरक, आणि जेथे बोलणे मुळीच नाही तेथे त्याची जागा घेतात म्हणून पर्यायी.

पालकांच्या मनात येथे हटकून एक शंका येते. चित्रे दाखवून काम भागू लागले, तर मूल बोलण्याची खटपट सोडून देईल काय? या प्रश्नावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. अशी साधने दिल्याने वाणीस अडथळा येतो, असे त्यांत आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे थोडेफार वाढलेलेच दिसून आले आहे. म्हणून 'आधी बोलू दे, मग पाहू' असे म्हणून वर्षे दवडणे इष्ट नव्हे.

खेळणे हा पहिला पाठ

मूल खुळखुळा हलवते, तो वाजतो, म्हणून ते पुन्हा हलवते. 'मी काही केले की काही घडते' हा ज्ञानाचा पहिला धडा त्याला येथे मिळतो. ज्याची बोटे खुळखुळ्याभोवती मिटतच नाहीत, त्याचा हा धडा चुकतो. जग आपल्या करण्याने बदलते असा अनुभवच ज्याला नाही, ते मूल सांगण्याची धडपड तरी का करील? म्हणून संवादाच्या शिक्षणाचा आरंभ खेळण्यापासून करावा लागतो.

बालशिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह उघडले. त्यापूर्वी त्यांनी मंदबुद्धी समजल्या गेलेल्या मुलांना शिकवले होते, आणि त्यांच्या साधनांचा उगम त्या कामात होता. आज सर्व बालवाड्यांत दिसणाऱ्या ठोकळ्यांचे व दट्ट्यांचे मूळ असे दिव्यांग मुलांच्या शिक्षणात आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात व आताच्या पालघर जिल्ह्यात, हीच पद्धती खेड्यापाड्यांत नेली. महाग साधनांच्या जागी त्यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. खेळणी मुलाच्या गरजेप्रमाणे बदलून घेण्याचे काम त्याच परंपरेतले आहे.

पुष्कळसे बदल अगदी साधे असतात. पेन्सिलीवर किंवा ब्रशावर कापडाची जाड गुंडाळी केली की सैल मुठीतही ती राहते. खेळणे नाडीने पाटाला बांधले की हातून निसटले तरी ते दूर जात नाही. सापशिडीचा पट मोठा काढून घरांच्या रेघांवर सुतळी चिकटवावी, फासा स्पंजाचा व वीतभर करावा, सोंगट्यांच्या जागी बाटल्यांची झाकणे घ्यावीत. सागरगोट्यांच्या जागी चिंचोके भरलेल्या कापडी पुरचुंड्या चालतात. दृष्टिहीन मुलासाठी चेंडूत घुंगरू घालावे. चिकटपट्टीच्या खरखरीत बाजूवर लोकरीचा धागा दाबून बसवला की बोटांनी वाचता येणारे चित्र तयार होते. अशा खेळात इतर मुलेही सामील होतात, हा त्याचा मोठाच लाभ होय.

कळीची खेळणी

ज्या मुलाच्या अंगी एकच हालचाल भरवशाची आहे, त्याच्यासाठी बॅटरीवर चालणारे खेळणे मोठ्या कळीला जोडून देतात. त्याची रचना समजण्यास सोपी आहे. तांब्याच्या पातळ पत्र्याच्या दोन लहान चकत्या घेऊन त्यांच्यामध्ये प्लास्टिकची चकती बसवतात व प्रत्येक तांब्याच्या चकतीस एक तार जोडतात. हा तिपेडी तुकडा खेळण्यातील सेल व त्याची पट्टी यांच्यामध्ये सरकवला की वीजमंडल तुटते. खेळण्याचे मूळ बटण चालू ठेवले तरी खेळणे थांबलेलेच राहते. तारांची दुसरी टोके कळीला जोडतात. मुलाने कळ दाबली की मंडल पुरे होते आणि माकड टाळ्या वाजवू लागते. हात उचलला की थांबते. ज्या खेळण्याचे बटण सरकवून चालू व बंद होते, त्यालाच ही युक्ती चालते.

कळही शाळेत करता येते. पुठ्ठ्याचे पोस्टकार्डाएवढे दोन तुकडे घेऊन त्यांच्या आतील बाजूंस स्वयंपाकघरातील चंदेरी कागद चिकटवावा. प्रत्येक कागदास एक तार जोडावी व दोहोंमध्ये मधोमध भोक असलेला स्पंजाचा तुकडा ठेवावा. दाबल्यावर भोकातून दोन्ही कागद एकमेकांस टेकतात, सोडल्यावर दूर होतात. अशी कळ हाताखालीच असावी असा नियम नाही. कोपराजवळ, पावलाखाली किंवा डोक्याच्या बाजूस, जेथे मुलाची हालचाल खात्रीची असेल तेथे ती बसवावी. तत्पूर्वी मुलाची बैठक नीट पाहावी. पाठीला आधार नसेल आणि पावले लोंबकळत असतील, तर त्याची सारी शक्ती तोल सांभाळण्यातच खर्च होते.

सुरक्षिततेबद्दल मात्र कसलीही तडजोड नसावी. साधे दीड व्होल्टचे सेल वापरावेत. घरातील विजेच्या जोडणीशी अशा खेळण्याचा संबंध कधीही येऊ देऊ नये. बटणासारखे चपटे सेल मुलाने गिळल्यास अन्ननलिकेस गंभीर इजा होते, म्हणून ते वापरूच नयेत. सेलचा कप्पा स्क्रूने बंद करावा आणि सुटे बारीक तुकडे मुलाच्या हाती लागू देऊ नयेत.

खेळणे मिळाले म्हणजे काम संपले असे नव्हे. संवादाचा पाठ तेथून पुढे आहे. माकड थांबले की शिक्षकाने मुलाकडे पाहून "पुन्हा?" असे विचारावे आणि स्वस्थ थांबावे. काही दिवसांनी मूल नजरेने, हुंकाराने वा हाताने 'पुन्हा' मागू लागते. मग दोन खेळणी समोर धरून "कोणते?" असे विचारावे. निवड करणे हेच खऱ्या अर्थाने पहिले वाक्य होय. स्वीडनमध्ये १९६३ साली दिव्यांग मुलांच्या पालकांच्या पुढाकाराने 'लेकोटेक' नावाचे खेळणी-ग्रंथालय सुरू झाले. पुस्तकाप्रमाणे खेळणे घरी न्यावे व परत आणून द्यावे, अशी त्याची रीत. केंद्रातील चार-पाच शाळांनी मिळून खेळण्यांची अशी एक पेटी फिरती ठेवली, तर एकाही शाळेस भार होणार नाही.

चित्रफलक

निवड जमू लागली की चित्रफलक द्यावा. पुठ्ठ्यावर किंवा वहीच्या पानांवर चित्रे चिकटवून त्यांखाली शब्द लिहावेत. मूल चित्रावर बोट ठेवते अथवा नजर रोखते. हात मुळीच चालत नसेल, तर पारदर्शक फलकाच्या चार कोपऱ्यांत चित्रे लावून तो मुलाच्या व शिक्षकाच्या चेहऱ्यांमध्ये धरतात. मूल कोणत्या कोपऱ्याकडे पाहते ते पलीकडून दिसते. चित्रांऐवजी चिन्हेही चालतात. चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेली चिन्हलिपी जगातील सर्व भाषिकांसाठी योजिलेली होती. ती त्या कामी फारशी रुजली नाही. परंतु १९७१ पासून टोरांटो येथे मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांना ती देण्यात आली आणि त्यांची ती भाषा बनली.

फलकावर काय असावे, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी पाणी, जेवण व शौच ही तीन चित्रे लावली जातात. ती आवश्यक आहेतच. पण एवढ्यानेच भागले तर तो फलक मोठ्यांच्या सोयीचा ठरतो. मुलाला गंमत सांगायची असते, राग व्यक्त करायचा असतो, आपली पाळी मागायची असते. 'पुन्हा', 'थांब', 'माझी पाळी', 'दुखते', 'भीती वाटते', 'मला वेगळेच सांगायचे आहे' ही घरे फलकावर असावीत. सर्वांत ठळक घर 'नको' या शब्दाचे असावे. ज्या मुलाला 'नको' म्हणता येत नाही, त्याचे रक्षण करणे कठीण असते. त्याला कोणी त्रास दिला तरी तो कोणाला कळत नाही. फलकावरून मुलाने प्रथमच 'नको' म्हटले, तर त्याचा हट्ट म्हणून कानाडोळा करू नये. शक्य तेथे ते ताबडतोब मानावे. मानले गेलेले एक 'नको' मुलाला फलकाचा उपयोग जितका पटवून देते, तितका दहा पाठ देत नाहीत.

फलकावरील शब्द त्या मुलाच्या जगातले हवेत. ठाण्यात माजिवड्यापासून मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा व गायमुख असा जाणारा घोडबंदर रोड घेतला, तर त्याच्या एका अंगास येऊरचा डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी आहे. या एकाच रस्त्यालगत आगरी-कोळी बांधवांची जुनी गावे, डोंगरातील वारली पाडे, उंच इमारती आणि त्या इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या वस्त्या आहेत. कोळीवाड्यातील मुलाच्या फलकावर होडी, जाळे व मासळी यांना घर हवे. पाड्यातील मुलाच्या फलकावर डोंगर, बकरी व ताडगोळा. इमारतीतील मुलाच्या फलकावर लिफ्ट व शाळेची बस. मजुराच्या मुलाच्या फलकावर त्याच्या घरच्या बोलीतील शब्द. छापील तयार फलक सर्वांस सारखाच दिला, तर तो कोणाचाच होत नाही.

त्याच रस्त्यावरून दुसरीही एक गोष्ट ध्यानी येते. बांधकाम संपले की मजूर कुटुंब दुसरीकडे जाते. मुलाची शाळा सुटते आणि महिनोन्महिने तयार केलेला फलक कपाटात राहून जातो. नव्या शाळेत ते मूल पुन्हा पहिल्या दिवसासारखे मुके होते. सबब शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर फलकही मुलाच्या हाती द्यावा. मूल 'हो' कसे दर्शवते, 'नाही' कसे दर्शवते, कोणत्या अंगाने कळ दाबते, त्याला काय आवडते, हे एका कागदावर लिहून सोबत जोडावे. एरवीही एक फलक शाळेत व एक घरी असावा, आणि पावसाळ्याचा विचार करून तो प्लास्टिकने मढवलेला असावा.

वर्णमालेची सोय

जे मूल वाचू शकते त्याला चित्रांच्या मर्यादेत ठेवू नये. अक्षरफलक द्यावा, म्हणजे ते मनात येईल ते सांगू शकते. येथे देवनागरी वर्णमालेची रचनाच शिक्षकाच्या मदतीस येते. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग व प-वर्ग अशा पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच अक्षरे. शिक्षकाने प्रथम ओळींवरून बोट फिरवावे. मुलाने डोळे मिटून खूण केली की त्या ओळीतील अक्षरांवरून फिरवावे. 'म' हे पंचविसावे अक्षर एकेक करत गाठायचे तर पंचवीस वेळा थांबावे लागेल. या रीतीने दहाव्या थांब्याला ते हाती येते. य, र, ल, व आदी उरलेली व्यंजने त्याखाली दोन ओळींत मांडावीत, आणि स्वर व काने-मात्रे यांची ओळ शेवटी ठेवावी.

बोलकी यंत्रे

सर्वांत साधे बोलके यंत्र म्हणजे एकच निरोप साठवणारी मोठी कळ. त्यात आवाज भरून ठेवतात. कळ दाबली की तो ऐकू येतो. याहून मोठ्या यंत्रांचा इतिहास साठ वर्षांहून अधिक जुना आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेग मेलिंग यांनी १९६० च्या सुमारास 'पॉसम' नावाचे यंत्र तयार केले. हातपाय न हलणारी व्यक्ती नळीत फुंकर मारून वा हवा ओढून त्यायोगे टंकलेखनयंत्रासारखी उपकरणे चालवू शकत असे. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'मी करू शकतो' असा आहे.

आज हेच कार्य साधा मोबाइल अथवा टॅबलेट करू शकतो. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आयडीसी अभिकल्प विद्यालयात विकसित झालेले 'जेलो' हे चित्राधारित अॅप विनामूल्य असून त्यात मराठीचीही सोय आहे. खाणे, खेळ, माणसे, ठिकाणे अशा गटांतून मूल चित्र निवडते. कडेला 'आवडते', 'आवडत नाही', 'हवे', 'नको', 'अधिक', 'कमी' या भावांच्या कळा असतात. दोन्ही मिळून यंत्र पूर्ण वाक्य उच्चारते. चेन्नई येथे अजित नारायणन यांनी तयार केलेले 'आवाज' हे साधनही याच जातीचे होय. मराठीसाठी यंत्र निवडताना एक गोष्ट पाहून घ्यावी. 'मी जातो' व 'मी जाते' यांत भेद असल्याने यंत्राची वाक्ये मुलगा व मुलगी यांना अनुरूप हवीत. आवाज स्वतः भरावयाचा असेल, तर तो त्याच वयाच्या मुलाचा वा मुलीचा घ्यावा. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी गुरुजींचा आवाज शोभत नाही.

साधनाने काय साधते याचे उदाहरण मुंबईतच आहे. मिठू अलूर यांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या आपल्या मुलीसारख्या मुलांसाठी १९७२ साली मुंबईत 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था व तिची शाळा सुरू केली. ती मुलगी म्हणजे मालिनी चिब. त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली व लंडन येथे पुढील शिक्षण केले. टंकलेखनासाठी त्यांना एकच बोट साथ देत असे. त्याच बोटाने त्यांनी आपले आत्मकथन लिहिले, आणि त्याचे नावही 'वन लिटल फिंगर' असे ठेवले. त्या बोटासाठी कोणी योग्य साधन दिलेच नसते, तर ते पुस्तक त्यांच्या मनातच राहिले असते.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने 'संवाद' या शब्दाची व्याख्या व्यापक केली आहे. ब्रेल, खुणांची भाषा, चित्रमय साधने तसेच पूरक व पर्यायी पद्धती यांचा तीत समावेश आहे. शाळांमध्ये अशा पद्धतींच्या वापरास उत्तेजन द्यावे, आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांस वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व योग्य सहायक उपकरणे विनामूल्य द्यावीत, असे कलम १७ मध्ये नमूद आहे. यास्तव उपकरणाची मागणी ही कृपेची याचना नव्हे. मुख्याध्यापकांनी विशेष शिक्षकांच्या साहाय्याने मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व मागणीपत्र वेळीच सादर करावे. उपकरण येईपर्यंत पुठ्ठ्याच्या फलकाने काम चालू ठेवावे; ते येण्याची वाट पाहत वर्ष वाया घालवू नये.

शिक्षकाचे आचरण

साधन हाती आले तरी ते बोलके होणे शिक्षकाच्या वागण्यावर अवलंबून असते. साधे मूलदेखील पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी वर्षभर इतरांचे बोलणे ऐकते. चित्रांची भाषा मात्र मुलाभोवती कोणीच बोलत नाही आणि तरीही त्याने ती पहिल्याच दिवशी बोलावी, अशी अपेक्षा धरली जाते. म्हणून शिक्षकाने स्वतः बोलताना फलकावरील चित्रांवर बोट ठेवावे: "आता *खेळ* *संपला*, *पाणी* *हवे* का?" प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे, स्नायूंची जुळवाजुळव करण्यास मुलाला तेवढा अवधी लागतोच. मुलाचा हात धरून चित्रावर ठेवू नये, कारण मग ते बोलणे मुलाचे राहत नाही. फलकाचा उपयोग परीक्षेसारखा करू नये, आणि शिक्षा म्हणून तो कधीही काढून घेऊ नये. बडबड्या मुलाची जीभ काही कोणी शिक्षा म्हणून काढून ठेवत नाही. फलक कपाटात नव्हे, मुलाच्या हाताशी असावा: वर्गात, मैदानावर, भोजनाच्या पंगतीत व घरी जाताना दप्तरात.

आरंभ करावयाचा झाल्यास हजेरीपासून करावा. वर्गातील एखाद्या सवंगड्याच्या आवाजात 'हजर, बाई' एवढे दोन शब्द कळीत भरावेत आणि ती कळ त्या मुलाच्या बाकावर ठेवावी. नाव पुकारल्यावर शेजाऱ्याने गप्प राहावे, वर्गाने थांबावे, बाईंनी हजेरीपटावरून मान वर करून पाहावे. पहिल्या दिवशी हात कळीपर्यंत पोचणार नाही. चौथ्या दिवशी तो चुकून दुसऱ्याच नावाला पडेल. मुले हसतील, हसू द्यावीत, कारण चुकीच्या वेळी 'हजर' म्हणण्याचा हक्क वर्गातील इतर सर्व मुलांप्रमाणे त्यालाही आहे. पुढे एखाद्या सकाळी ते आपल्याच नावाला, आपल्याच हाताने उत्तर देईल. त्या दिवशी हजेरीपटावर पडलेली खूण रोजच्यासारखीच दिसेल; पण ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पडलेली नसेल.